कोळशाच्या लहान स्मोकरला पंखा जोडताना

स्मोकर म्हणजे मंद आगीवर, धुरात मांस शिजवायचं बंद भांडं. त्याला जोडायच्या पंख्याला एकच काम येतं, निखाऱ्यांना हवा देणं. तापमान कमी असलं की तो फुंकतो, जास्त झालं की थांबतो. चढलेलं तापमान खाली आणायचं कुठलंही साधन त्याच्याकडे नाही. चुलीवरच्या फुंकणीचंही असंच असतं. फुंकून आग भडकवता येते, पण भडकलेली आग फुंकणीने उतरत नाही, लाकूड मागे ओढावं लागतं. स्मोकरमध्ये मागे ओढायला काही नसतं. तिथे आगीची हवा तोडायची आणि वाट बघायची, एवढंच हातात असतं. पुढे जे सांगणार आहे, म्हणजे फटी बुजवणं, थोडेच निखारे घालणं, तापमान हळूहळू चढवणं, ते सगळं यातूनच निघतं.

हा लेख उभ्या, पिंपाच्या आकाराच्या लहान स्मोकरसाठी आहे. डोळ्यांसमोर ठेवलाय तो वेबरचा स्मोकी माउंटन, ३७ किंवा ४७ सेंटिमीटरचा, म्हणजे अमेरिकेत ज्यांना १४ आणि १८ इंची म्हणतात ते. १९८१ पासून हा बाजारात आहे आणि अमेरिकेतल्या परसांमध्ये इतका रुळलाय की बहुतेक पंखेवाले त्याच्यासाठी वेगळा अडॅप्टर विकतात. रचना साधी आहे. खाली कोळशाचं खोलगट भांडं, त्याच्या कडेला हवेच्या झडपा, मध्ये पिंप, पिंपात पाण्याची परात आणि तिच्यावर दोन जाळ्या, वर घुमटासारखं झाकण आणि झाकणावर एक झडप. पिंपाला पुढून एक दार असतं, कोळसा आणि पाणी घालायला. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा किंवा घरी ड्रम कापून केलेला स्मोकर असला तरी इथलं जवळजवळ सगळं लागू पडेल.

आधी एक स्पष्ट सांगतो. पंख्याशिवाय हे काम होत नाही असं अजिबात नाही. पोर्क शोल्डर (डुकराचा खांदा) किंवा ब्रिस्केट (बीफचा छातीचा भाग) यांसाठी १०७ ते १२१ अंश सेल्सिअस लागतं (अमेरिकी पाककृतींत हेच २२५ ते २५० फॅरनहाइट लिहिलेलं असतं), आणि झडपा नीट लावल्या तर हा स्मोकर हाताने चालवूनही तासन्तास त्याच्या आसपास राहतो. पंखा उपयोगी पडतो तो रात्रभराच्या स्वयंपाकात, वाऱ्याच्या दिवशी आणि थंडीत. म्हणून नवा स्मोकर आणला असेल तर दोन-चार वेळा हातानेच चालवा. झडप एवढीशी सरकवली तर किती वेळाने काय फरक पडतो, हे अंगवळणी पडलं की पुढे पंखा काय करतोय ते बघताक्षणी कळतं.

विकत काय घ्यायचं

तीन वस्तू लागतात: कंट्रोलर (तापमान बघून पंखा चालवणारी पेटी), पंखा आणि पंखा झडपेला जोडणारा अडॅप्टर. प्रोब, म्हणजे तापमान मोजायच्या सळ्या, कंट्रोलरबरोबर येतात. एक जाळीवर लावायची, एक मांसात खुपसायची. फ्लेम बॉस आणि फायरबोर्ड यांचे तयार संच मिळतात. थर्मोवर्क्सचा 'बिलोज' पंखा त्यांच्याच 'सिग्नल्स' थर्मामीटरला जोडता येतो. सोल्डरिंगची हौस असेल तर 'हीटरमीटर' नावाचा खुला प्रकल्प आहे, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा, घरी जोडायचा कंट्रोलर. त्यात शिकायला खूप मिळतं. पण ज्यांना शनिवारी पाहुणे बोलवायचेत, त्यांनी तयार संचच घ्यावा.

पंखा निवडताना जवळजवळ सगळेच गरजेपेक्षा मोठा घेतात. जरा हिशेब करू. एक किलो कोळसा जळायला साधारण ९ ते १० घनमीटर हवा लागते. ११० अंशांवर चालणारा लहान स्मोकर तासाला ३०० ते ३५० ग्रॅम कोळसा खातो असं धरलं, तर त्याला मिनिटाला जेमतेम ५० लिटर हवा पुरते. बाजारात ज्याला १० सीएफएमचा (मिनिटाला १० घनफूट हवेचा) पंखा म्हणतात, तो मोकळ्या हवेत मिनिटाला २८० लिटरच्या आसपास हवा ढकलतो. म्हणजे 'लहान' म्हणून विकला जाणारा पंखासुद्धा आपल्या गरजेच्या पाचपट आहे. प्रत्यक्षात अडॅप्टर, राख आणि झडप यांच्या अडथळ्यामुळे तो आकडा कमी होतो, तरीही भरपूर उरतो. २०-२५ सीएफएमचे पंखे मोठ्या स्मोकरसाठी असतात, लहान स्मोकरवर ते नकोच. मोठा पंखा दोन सेकंद जोरात फुंकतो आणि दोन मिनिटं गप्प बसतो. त्या फुंकरीने राख उडून मांसावर बसते आणि मधल्या शांततेत निखारे गुदमरून कडवट धूर सोडतात. लहान पंखा सतत मंद चालला तर आग स्वच्छ जळते.

काही पंख्यांच्या तोंडावर सरकती चकती असते, तिने हवेची वाट अर्धी किंवा पाव करता येते. काही कंट्रोलरमध्ये पंख्याची कमाल गती बांधून टाकता येते. यांपैकी एक तरी सोय असलेलाच संच घ्या. आणि पंख्याच्या आत लोंबती पट्टी आहे का ते बघा. पंखा थांबला की ती आपल्या वजनाने पडून वाट बंद करते. ती नसेल तर बंद पंख्यातूनही हवा आत ओढली जात राहते, मग थांबला काय नि चालला काय, सारखंच.

अडॅप्टर घरी बनवणार असाल तर साध्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा आणि नळीचा बनवा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप निखाऱ्यांजवळ वापरू नका, तापल्यावर त्यातून निघणारा धूर विषारी असतो. पंखा प्लास्टिकचा असेल तर त्याच्या आणि भांड्याच्या मध्ये धातूची वीतभर नळी ठेवा.

भारतात नेणार असाल तर चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. पंखा आणि कंट्रोलर बहुधा १२ व्होल्ट डीसीवर चालतात, प्रश्न भिंतीत खोचायच्या चार्जरचा असतो. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. फक्त १२० लिहिलं असेल तर तो चार्जर अमेरिकेतच ठेवा आणि भारतात १२ व्होल्टचा दुसरा घ्या, अँपिअर तेवढेच किंवा जास्त बघून.

आधी फटी, मग पंखा

खोक्यातून काढून पंखा लगेच बसवायची घाई होते. ती आवरा, कारण सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. पंखा थांबल्यावर तापमान उतरायला हवं असेल तर पंखा सोडून हवेला दुसरी वाट असता कामा नये. नवा स्मोकर कारखान्यातून निघतो तेव्हा त्याच्या दाराच्या कडेने हमखास हवा जाते. दार पातळ पत्र्याचं असतं आणि पिंपाची गोलाई त्याला कधीच पुरती बसत नाही. झाकण आणि पिंपाचा सांधा, पिंप आणि खालच्या भांड्याचा सांधा, बंद केलेल्या झडपांच्या कडा, ही बाकीची संशयित ठिकाणं.

शोधायची पद्धत सोपी आहे. पाच-सहा ब्रिकेट (कोळशाचा चुरा दाबून केलेल्या एकसारख्या वड्या) पेटवून आत ठेवा, त्यावर लाकडाचे थोडे ओलसर तुकडे टाका, सगळ्या झडपा बंद करा आणि भोवती फिरून कुठून धूर निघतो ते बघा. खडूने खुणा करा. संध्याकाळी टॉर्च आडवा धरून पाहिलं तर बारीक धूरही दिसतो.

दाराची गळती आधी हाताने कमी करा. दार काढून पिंपाला टेकवा, कुठे उचललं जातंय ते बघा आणि गुडघ्यावर धरून हलकेच वाकवा. एकदम नाही, थोडं-थोडं, मध्ये-मध्ये लावून बघत. उरलेल्या फटीसाठी नोमेक्सची (धग सोसणाऱ्या धाग्याची) फेल्ट पट्टी मिळते, मागे चिकट थर असलेली. ती चिकटवण्याआधी पत्रा अल्कोहोलने पुसून चरबी घालवा, नाहीतर पहिल्याच धगीत पट्टी सोलून निघेल. झाकणाच्या कडेलाही हीच पट्टी लावता येते. फक्त आधी झाकण बसतंय का ते मोजा, कारण जाड पट्टीने झाकण वर राहतं आणि डुलतं. सिलिकॉन सीलंट वापरायचं तर उच्च तापमानाचं आणि अन्नाला चालणारं घ्या, आणि पहिली आग रिकाम्या स्मोकरमध्येच लावा. खालच्या भांड्याच्या नको असलेल्या झडपांवर बाहेरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली तर काम भागतं. फ्रिजवर लावतात तसल्या चुंबकाच्या लवचिक पट्ट्या इथे टिकत नाहीत, तापल्या की चुंबकपण जातं.

शंभर टक्के फटी कधीच बुजत नाहीत आणि बुजवायची गरजही नाही. धुराची बारीक रेघ चालेल, धुराचा लोट चालणार नाही. शिवाय दहा-बारा वेळा स्वयंपाक झाला की चरबी आणि काजळी सांध्यांत बसून जुना स्मोकर आपोआप घट्ट होतो. म्हणून सांध्यांवरचा तो काळा थर घासून काढू नका. झाकणाच्या आतून सुटणाऱ्या पापुद्र्या तेवढ्या काढा, त्या मांसावर पडतात.

जोडणी

पंखा दाराच्या विरुद्ध बाजूच्या झडपेला लावा. तुम्ही पाणी किंवा कोळसा घालायला दारापाशी उभे राहता, तिथे पायात वायर नको. अडॅप्टर बहुतेक वेळा आतून झडपेच्या भोकांवर बसतो आणि बाहेरून स्क्रूने किंवा स्प्रिंगने आवळला जातो. ती झडप पूर्ण उघडी ठेवा. बाकीच्या झडपा नंतर बंद करायच्या आहेत, पण आत्ता उघड्याच राहू द्या. पंख्याची आतली पट्टी वजनाने पडणारी असेल तर पंखा उलटा किंवा आडवा बसला नाही ना ते तपासा. तोंडाने फुंकर मारा, पट्टी उचलली गेली पाहिजे आणि लगेच खाली पडली पाहिजे.

प्रोब वापरण्याआधी तपासा. पेल्यात भरपूर चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन प्रोबचं टोक मध्ये धरा, आकडा शून्याच्या एखाद-दोन अंश इकडेतिकडे यायला हवा. मग उकळत्या पाण्यात. इथे गावाची उंची लक्षात घ्या. समुद्रसपाटीला १०० अंश, पुण्यात साधारण ९८, डेन्व्हरला ९५. दोन्ही वेळा फक्त सळी बुडवा. सळी आणि वायर जिथे जुळतात तो सांधा पाण्यात गेला की आत ओल शिरते आणि प्रोब काहीच्या बाही आकडे दाखवायला लागतो.

जाळीवरचा प्रोब हा कंट्रोलरचा एकमेव डोळा आहे. तो चुकीच्या जागी असला तर कंट्रोलर इमानेइतबारे चुकीचंच तापमान सांभाळत बसेल. थंड मांसाला चिकटून ठेवला तर त्याला वाटतं स्मोकर गार आहे, आणि तो फुंकत सुटतो. पिंपाच्या भिंतीशी ठेवला तर परातीच्या कडेने वर येणारी गरम हवा त्याला लागते आणि तो आधीच थांबतो. क्लिप लावून जाळीवर, मांसापासून आणि भिंतीपासून दोन-दोन इंच सोडून ठेवा. मांसावरून ओघळणारी चरबी त्याच्यावर पडता कामा नये. झाकणावरच्या घड्याळी थर्मामीटरशी तुलना करत बसू नका. तो वेगळ्या उंचीवरची हवा मोजतो, आणि दोन्ही आकडे क्वचितच जुळतात.

वायर बाहेर काढायला नव्या मॉडेलमध्ये पिंपाला सिलिकॉनचं छोटं बूच असतं, त्यातून घाला. जुन्यात झाकणाच्या कडेखालून काढावी लागते, तिथे फेल्ट पट्टी असेल तर ती वायरीभोवती दबून बसते. स्टीलच्या विणीची वायरसुद्धा निखाऱ्यांच्या थेट धगीत गेली की मरते. कंट्रोलर स्मोकरच्या पायाला किंवा हँडलला लटकवू नका, बाजूला स्टुलावर ठेवा. पाऊस येईल असं वाटलं तर वर झाकण हवं, आणि वीज बाहेरच्या, जीएफसीआय (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारी सोय) असलेल्या सॉकेटमधूनच घ्या. भारतात असाल तर घराला आरसीसीबी, म्हणजे तेच काम करणारा स्विच, आहे याची खात्री करा.

स्मोकर कुठे ठेवायचा, हे जोडणीइतकंच महत्त्वाचं. गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही, बंदिस्त बाल्कनीतही नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हवा तोडून मंद जाळलेला कोळसा तो जास्तच सोडतो. अमेरिकेतल्या अनेक अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत कोळसा पेटवायलाच मनाई असते, तेव्हा स्मोकर घेण्याआधी लीज वाचा.

कोळसा रचणं आणि पेटवणं

जिम मिनियन या अमेरिकी पिटमास्टरच्या (कोळशावर मांस शिजवणाऱ्या वस्तादाच्या) नावाने ओळखली जाणारी पद्धत इथे वापरायची. कडं, म्हणजे भांड्यात कोळसा एकत्र धरून ठेवणारं धातूचं रिंगण, न पेटवलेल्या ब्रिकेटनी भरायचं, मध्ये खळगा करायचा आणि त्यात थोडे पेटलेले निखारे ओतायचे. आग मधून बाहेर हळूहळू सरकत जाते आणि रात्रभर पुरते. हाताने चालवताना लोक वीसेक निखारे घालतात. पंखा असताना दहा-बारा पुरेत. आग वाढवायचं साधन आपल्याकडे आहे, कमी करायचं नाही, म्हणून सुरुवात कमीपासून. खळगा मध्यावर ठेवा. पंख्याच्या तोंडासमोर पेटते निखारे ठेवले तर तिथे भट्टी तयार होते आणि बाकीचं कडं थंड राहतं.

पेटवायला चिमणी स्टार्टर (कोळसा पेटवायचं पत्र्याचं उभं नळकांडं) आणि कागद. पेट्रोलियमचं द्रव नको, त्याचा वास इतक्या मंद आगीत पूर्ण जात नाही. गोळा कोळसा (लाकडाचे जसेच्या तसे जाळलेले ओबडधोबड तुकडे) की ब्रिकेट, यावर लोक तासभर भांडू शकतात. नवख्याने ब्रिकेट घ्यावेत. आकार एकसारखा असल्याने हवा सारखी खेळते. गोळा कोळशात मोठे तुकडे आणि चुरा मिसळलेला असतो, आणि पंख्याच्या झोतात त्याच्या ठिणग्या उडतात. ब्रिकेटची राख मात्र जास्त पडते. भांड्यात आधीची राख असेल तर काढून टाका, तीच पंख्याचं तोंड बुजवते.

धुरासाठी ओक, हिकरी, सफरचंद, जे मिळेल त्याचे मुठीएवढे तीन-चार तुकडे कोळशात पुरा. भुसा नको, पंख्यापुढे तो क्षणात पेटतो. रंग दिलेलं किंवा पॅलेटचं लाकूड तर कधीच नको.

पाण्याच्या परातीचं काय करायचं, यावर माझं मत असं. पहिल्या काही वेळा तिच्यात गरम पाणी भरा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ७५ ते ८० ग्रॅम कोळशाची उष्णता खर्च होते, म्हणजे पाणी फुकटात कोळसा खातं हे खरं. पण तेच पाणी तापमान चुकून उसळायला लागलं की लगाम लावतं, आणि पंख्याकडे लगाम नाही. हात बसला की परात कोरडी, फॉइलने गुंडाळून वापरा. कोळसा वाचतो आणि सकाळी चरबीचं गढूळ पाणी ओतत बसावं लागत नाही.

पहिली चाचणी, मांसाशिवाय

निखारे ओतल्यावर पिंप आणि झाकण लावा, वरची झडप पूर्ण उघडी ठेवा, खालच्या उरलेल्या झडपाही उघड्या ठेवा. कंट्रोलर चालू करा, पण पंखा अजून नको. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊ द्या. जाळीवर ८० अंश झाले की खालच्या झडपा एकेक करून पूर्ण बंद करा, वरची पाव ते एक तृतीयांश ठेवा आणि मग पंखा लावा. कंट्रोलरवर लक्ष्य लगेच ११० ठेवू नका, १०० ठेवा. तिथे अर्धा तास स्थिर राहिला की ११० करा.

ही पायरी-पायरीची चढण का, तर कंट्रोलर ज्या पद्धतीने विचार करतो त्यामुळे. बहुतेकांत पीआयडी पद्धत असते. लक्ष्यापासून आत्ता किती दूर आहोत, किती वेळापासून दूर आहोत आणि किती वेगाने जवळ येतोय, या तीन गोष्टी जोखून तो पंख्याची गती ठरवतो. गार स्मोकरवर थेट ११० लावलं तर 'किती वेळापासून' हा हिशेब फुगत जातो. स्मोकर ११० ला पोचला तरी तो साठलेला हिशेब पंखा फिरवतच राहतो आणि तुम्ही १४० ला पोचता. पीआयडीचे आकडे बदलता येत असले तरी पहिल्या दिवशी त्यांना हात लावू नका. ज्या त्रासासाठी लोक आकडे बदलतात, तो बहुतेक वेळा फटींचा असतो.

११० वर तासभर स्थिर राहिला की खरी परीक्षा घ्या. पंखा मुद्दाम बंद करा आणि बघत बसा. अर्ध्या तासात तापमान स्पष्टपणे उतरायला लागलं तर तुमचा स्मोकर पंख्यासाठी तयार आहे. जागचा हललं नाही, किंवा वाढलं, तर हवा कुठून तरी येतेय. पुन्हा खडू घ्या. या स्मोकरमध्ये मांस टाकायची वेळ अजून आलेली नाही.

पडद्यावर काय वाचायचं

तापमानाचा आकडा सगळे बघतात. त्यापेक्षा बोलका आकडा पंख्याचा असतो, तो किती टक्के चालतोय हा. सगळं ठीक चाललेलं असताना तो साधारण १० ते ३० टक्क्यांत खेळतो.

पंखा ० टक्के आणि तापमान तरीही लक्ष्याच्या वर: एकतर फट आहे, किंवा निखारे जास्त पेटलेत. वरची झडप आणखी कमी करा, पण पूर्ण बंद करू नका, नाहीतर धूर आतच कोंडून मांसावर काळी, कडू चिकटी धरते. झाकण उघडून 'वाफ जाऊ देऊ' म्हणणं ही सगळ्यात वाईट कल्पना. आत गरम हवा असते ती जाते आणि निखाऱ्यांना ताजी हवा मिळते, पाच मिनिटांनी आधीपेक्षा जास्त तापतं. १५० ला गेलेला स्मोकर ११० ला यायला तासभरही लागतो. बसून राहा.

पंखा १०० टक्के आणि तापमान घसरतंय: कोळसा संपलाय, राखेने वाट अडलीय, किंवा पंख्यातली पट्टी चरबीने चिकटलीय. याच क्रमाने तपासा. भांड्याला बाहेरून दोन-तीन टपल्या मारल्या तर राख खाली बसते.

आकडा झोके घेतोय, ९५ वरून १२५, पुन्हा ९५: पंखा जास्त ताकदीचा आहे. चकती अर्धी लावा किंवा कमाल गती बांधा. तसंही थांबलं नाही तर प्रोब वाऱ्याच्या झोतात किंवा थेट धगीत आहे का बघा.

झाकण उघडताना एक सवय लावा. आधी पंखा बंद, मग झाकण. नाहीतर प्रोबला थंड हवा लागते, कंट्रोलरला वाटतं आग विझली, आणि तो पूर्ण ताकदीने फुंकतो. बऱ्याच कंट्रोलरना झाकण उघडल्याचं एकदम पडलेल्या आकड्यावरून कळतं आणि ते काही मिनिटं थांबतात. तुमच्याकडे ती सोय आहे का ते पुस्तिकेत बघा.

रात्री झोपायचं असेल तर दोन गजर लावा, खालचा ९५ चा आणि वरचा १३५ चा. वीज गेली तर पंखा थांबतो, पट्टी पडते आणि आग हळूहळू मंदावते. म्हणजे घर पेटत नाही, फक्त मांस थंड होत जातं. ४ ते ६० अंशांच्या मध्ये मांस तासन्तास राहिलं असेल तर ते टाकून द्या, मन घट्ट करून. भारतात जिथे वीज जाते तिथे १२ व्होल्टची पॉवर बँक जोडून ठेवणं शहाणपणाचं.

पहिला स्वयंपाक

पोर्क खाणाऱ्यांसाठी पोर्क शोल्डर. तापमानाच्या चुका पोटात घालणारा दुसरा तुकडा नाही. आतून ९५ अंशांपर्यंत न्यायचा. पोर्क नको असेल तर बकऱ्याचा खांदा घ्या. तो कमी चरबीचा असतो, म्हणून तीनेक तासांनी रंग आला की फॉइलमध्ये गुंडाळा आणि तसाच ९३-९५ पर्यंत न्या. चिकन ११० वर केलं तर कातडी रबरासारखी होते, त्याला १४० ते १५० लावा आणि आतून ७४ अंश झाल्याशिवाय काढू नका, अमेरिकी कृषी खात्याचा नियम तोच आहे. भरताची वांगी यात टाकायचा मोह होईल. वांगं धुरकट होतं, पण साल काही भाजून निघत नाही. भरताला गॅसची ज्योत किंवा उघडे निखारेच हवेत.

मोठ्या तुकड्याचं आतलं तापमान ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी दोन-तीन तास अडकून बसेल. तेव्हा कंट्रोलरला दोष देऊ नका, लक्ष्यही वाढवू नका. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडतंय आणि घामासारखं ते मांसाला गार ठेवतंय. घाई असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा, नसेल तर थांबा. जाळीवरचा आकडा ११० दाखवतोय तोवर पंख्याचं काम चोख चाललंय.

बंद करताना

मांस काढल्यावर आधी पंखा बंद करा आणि हातमोजे घालून अडॅप्टरसकट काढून घ्या. गरम भांड्याला लटकत राहिलेल्या पंख्याचं प्लास्टिक विझतानाच्या धगीने वाकतं, चालू असताना नाही, कारण तेव्हा वाहती हवा त्याला थंड ठेवत असते. मोकळी झालेली झडप बंद करा, वरचीही पूर्ण बंद करा. फटी नीट बुजवल्या असतील तर आग तास-दोन तासांत विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो.

राख दुसऱ्या दिवशीच काढा आणि झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. प्रोबची सळी ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली धरू नका. पंख्यातली पट्टी मात्र प्रत्येक वेळी बघा. तिच्यावर चरबीचा पातळ थर साचतो, गरम असताना काही जाणवत नाही, गार झाल्यावर ती बंद अवस्थेत किंवा उघडी चिकटून बसते. अल्कोहोलचा बोळा फिरवा, बोटाने उचलून सोडा, आपणहून पडली की ठेवून द्या.